कोरफडीतली बुरशी

३ जुलै
सतरा नंबरनं कमाल केली! कोरफडीच्या पानाच्या आत राहणारी ही बुरशी. प्लेटवर तिच्याभोवती स्वच्छ गोल, जंतूंचा मागमूस नाही. आणि जंतू साधेसुधे नाहीत — बाबांच्या टाचेच्या जखमेतले. प्रयोगशाळेतल्या मॅडमच्या परवानगीनं दवाखान्यातून मागून आणलेले. चार औषधांना भीक घातली नाही त्यांनी.
मॅडम म्हणाल्या, उड्या मारू नकोस. पुन्हा कर.

६ जुलै
पुन्हा केलं. पुन्हा गोल.

७ जुलै
आईला सांगून बसले. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. संध्याकाळी बाबांनाही माहीत!

९ जुलै
सर्जन म्हणाले, सडणं वर चढतंय. रविवारपर्यंत उतार पडला नाही तर पाय गुडघ्याखालून काढावा लागेल. बाबा शिंपी. चाळीस वर्षं पायानं मशीन चालवलं. सर्जन गेल्यावर मला जवळ बोलावलं.
"तुझं ते बुरशीचं पाणी लाव ना. कुणाला सांगणार नाही मी."
समजावलं, जे जंतूंना मारतं ते माणसालाही मारू शकतं. माणसाच्या पेशींवर चाचणी व्हायचीय, तीन आठवडे तरी लागतील. बाबांनी ऐकून घेतलं.
"पाय तसाही जाणारच आहे ना?"


११ जुलै
बुरशीच्या अर्काची बाटली पर्समध्ये टाकून दवाखान्यात गेले. हो, नेली! आई खाली औषधं आणायला गेलेली. बाबांचे डोळे मिटलेले. पट्टी सैल होती. झाकण उघडलं — आणि हातच पुढे जाईना. रक्तात भिनलं तर? पायाऐवजी बाबाच गेले तर? झाकण लावलं.
बाबा जागेच होते. सगळं पाहिलं त्यांनी. भिंतीकडे तोंड केलं.

१३ जुलै
पाय गेला.

२२ जुलै
बाबा घरी आलेत. माझ्याशी कामापुरतंच बोलतात. मशीनवर आईनं चादर टाकलीय. मी केलं ते बरोबरच होतं, असं मॅडम म्हणाल्या. मीही रोज स्वतःला सांगते.

५ ऑगस्ट
निकाल आला. माणसाच्या पेशींना धक्काही नाही. सगळ्या धडधाकट. मॅडमनी पाठ थोपटली. औषध व्हायला अजून वर्षं जातील म्हणाल्या, पण सुरुवात झाली.
जेवताना बाबांनी विचारलं, चाचणीचं काय झालं?
"विषारी निघालं," मी म्हटलं.
 त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.