सेकंदाला पन्नास

औरंगाबाद,
ता. २९ नोव्हेंबर १९९३

तीर्थरूप आप्पा व आईच्या चरणी बसवेशचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

आपल्या गावच्या शहादेवसोबत खोकं पाठवलंय, ते आधी जपून उतरवून घ्या. तो गडी पोत्यासारखं आपटेल. आत मी केलेलं घड्याळ आहे. काटे नाहीत, लाल आकडे पेटतात. वायरींच्या गुंत्यात मी नेमकं शिकतो काय, असं तुम्ही नेहमी विचारता ना, तर हे. वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते. पहिल्या चिपा ते मोजतात. पन्नास भरले की पुढच्या चिपांना एक सेकंद कळवतात. तिथं साठ भरले की त्यापुढच्यांना एक मिनिट, असं तासापर्यंत. लाइट गेली की मात्र सगळ्या शून्यावर येतात. मग धाकट्या रुद्राणीनं रेडिओ ऐकून बटणांनी वेळ लावायची.

गहिनीनाथ सर म्हणाले, चार दिवस चालवून बघ, मगच पाठव. पण शहादेव उद्याच निघतोय. काल रविवारी तासभर मनगटावरचं घड्याळ समोर धरून बसलो, फरक दिसला नाही.

आईचं पोट कसं आहे? ती बरं आहे एवढंच लिहायला लावते, त्यावर माझा काडीचा विश्वास नाही. खरं काय ते तुम्ही कळवा.

तुमचा हात असाच डोक्यावर असू द्यावा.

आपला,
बसवेश


सिरसाळा,
ता. १२ डिसेंबर १९९३

चि. बसवेश यास आप्पाचे अ. उ. आ.

घड्याळ पोचलं. शहादेवनं सगळ्या वाटंनं मांडीवर धरून आणलं, उगं त्याला नावं ठेवू नको. वसरीत लावलंय. गिऱ्हाईक गूळ मागायचं सोडून आकडेच बघत ऱ्हातंय. सुंदररावानं तर आत चुलीतला इस्तू घातलाय का म्हणून इचारलं. तुझ्या चिपा मला कळल्या. बाजारात मापाडी माप भरलं की पुढच्याला सांगतो, तसंच की हे! चावीचं जुनं घड्याळ बंकट शिंप्याला देऊन टाकलं. घरात इंजिनेर असल्यावर चावी कोन फिरवत बसंल?

लाइट रोज दोनदा जाती अन् रुद्राणी रोज दोनदा येळ लावती.

आता दुसरं. तुझ्या मायीला अंबाजोगाईला दाखवलं. पोटात गाठ हाय. अठरा जानेवारीला ऑपरेशन ठरलंय. तुझी परीक्षा हाय तर तू येऊ नको, असं तिचं म्हननं. बायकांच्या वार्डात रातीला गड्यांना ऱ्हाऊ देत न्हाईत, म्हून रुद्राणी तिच्यापाशी ऱ्हाईल अन् मी त्या दिवशी फाट्यावरून सकाळी सहाच्या मोटारीनं पोचंन. लई भेलीय ती, तोंडानं म्हनत न्हाई. आत न्यायच्या आधी मी समोर पायजे, एवढं एकच मागून घेतलं तिनं. मी शबूद दिलाय.

तब्येतीला जप अन् घरावर ध्यान असू दे.

तुझा,
आप्पा


औरंगाबाद,
ता. २० फेब्रुवारी १९९४

चि. रुद्राणीस दादाचे अनेक आशीर्वाद.

जेवतेस ना वेळेवर? आई गेल्यापासून सगळं घर तुझ्या अंगावर पडलंय, आणि मी इथं बसून नुसती चौकशी करतोय.

आप्पांना वेगळं पत्र लिहीत नाही. काय लिहू? आत नेतानाही आई दाराकडं बघत होती, आप्पा आले का म्हणून तिनं तुला तीनदा विचारलं, हे तूच मातीच्या दिवशी मला सांगितलंस. ती परत शुद्धीवर आलीच नाही. आणि आप्पा पोचले बाराला! विचारलं तर म्हणे मोटार हुकली. भिंतीवर सेकंद दाखवणारं घड्याळ असताना मोटार हुकते कशी गं? दुकान उघडून चार गिऱ्हाइकं करून निघाले असतील. हे मी त्यांना भावकीसमोर तोंडावर बोललो. त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. म्हणजे खरंच असणार.

उन्हाळ्यात मी येणार नाही. नोकरी बघून इकडंच राहीन. त्या घरात पाऊल टाकावंसं वाटत नाही.

तू मात्र दादाला परका करू नकोस.

तुझा,
बसवेश


सिरसाळा,
ता. २७ फेब्रुवारी १९९४

ती. दादास रुद्राणीचा सा. न.

हे पत्र आप्पांच्या नकळत लिहितेय. तुला सांगू नये म्हणून त्यांनी मला आईची आण घातलीय. ती मोडतेय, पाप लागलं तर मला लागू दे.

दादा, त्या दिवशी आप्पांनी दुकानाचं कुलूपसुद्धा काढलं नव्हतं. अंघोळ करून, पिशवी मांडीवर घेऊन ते घड्याळासमोर बसले होते. तुझं घड्याळ मागं पडतं. रोज लाइट जायची, रोज मी नव्यानं वेळ लावायची, म्हणून ते कधी दिसलंच नाही. परवा सबंध दिवस लाइट टिकली, तर सातच्या बातम्यांना ते वीस मिनिटं मागं! ऑपरेशनच्या आधी मंत्री येणार म्हणून गावात दोन दिवस लाइट गेलीच नव्हती, अन् मी तर दवाखान्यात. ते पाऊण तास मागं पडलेलं असणार.

आप्पांना विचारलं. ते म्हणाले, फाट्यावर गेले तेव्हाच घड्याळ मागं असल्याचं त्यांना कळलं होतं. पण पोराला कळवायचं नाही. बापावर चिडला तर कधीतरी निवळेल, स्वतःवर चिडला तर खचून जाईल.

आता तू काय करायचं ते कर, पण त्यांच्याशी अबोला नको.

तुझी,
रुद्राणी


औरंगाबाद,
ता. ३ मार्च १९९४

तीर्थरूप आप्पांच्या चरणी बसवेशचा शि. सा. न.

रुद्राणीला बोलू नका. मला सगळं कळलं.

पन्नास हेलकावे हे पुस्तकातलं. रब्बीत विहिरींवरच्या मोटारी चालू झाल्या, लाइनीवर ताण आला, की ते एकोणपन्नासवर येतात. चिप मात्र पन्नास भरल्याशिवाय सेकंद धरत नाही. सरांनी चार दिवस म्हटलं होतं, मी एक तास बघितलं. आईची भेट मीच हुकवली, आप्पा. आणि वरून तुम्हालाच बोललो, चारचौघांत. तुम्ही माझ्या थोबाडीत का नाही मारली?

ते घड्याळ फोडून टाका. तुमच्यासमोर यायची मला लाज वाटते.

क्षमा मागायचं तोंड नाही, तरी मागतो.

बसवेश


सिरसाळा,
ता. ९ मार्च १९९४

चि. बसवेश यास आप्पाचे लई लई आशीर्वाद.

रुद्राणीला रागावलो, मंग तिच्यापाशीच बसून रडलो. तिच्यावर राग न्हाई.

घड्याळ फोडलं न्हाई. लेकाच्या हातचं हाय, कसं फोडू?

एक गोष्ट रुद्राणीलाबी सांगितली न्हाई, तुला सांगतो. त्या दिवशी मोटारीचा हॉर्न म्या ऐकला होता. वळखीचा होता. पन आकडे सव्वापाच दावत होते. म्हनलं, माझा कान चुकला असंल, लेक कसा चुकंल? उठून दारात जाऊन बघायला पायजे होतं. अंधार होता, थंडी होती, मी बसून ऱ्हायलो. ते तुझ्या चिपांनी केलं न्हाई, म्या केलं. तुझ्या मायीला दिलेला शबूद माझा होता.

ती माझी वाट बघत गेली, बाबा. आता मी तुझी बघतोय. कोन्त्या मोटारीनं येनार ते कळवू नको. शनवारी उजाडल्यापासून फाट्यावर येऊन बसतो, शेवटच्या मोटारीपत्तोर बसून ऱ्हाईन.

बापानं लेकाकडं मागू नये, पन मागतो, माया तुटू देऊ नको.

तुझा,
आप्पा