कडी कुणी लावली

मंगळवार, १९ नोव्हेंबर

धाकट्या,

आशीर्वाद. सकाळी पंपघरात दोन नंबरचा पंप गळत होता, त्याचं पॅकिंग बदललं. दुपारी सुट्टी टाकून मधलीचं शिलाईचं दुकान रिकामं केलं. दुकान म्हणजे एक खिडकी, मशीन आणि स्टूल. तासाभरात आवरलं. तुझा खोकला बरा असेल.

परवाच्या सभेत मी शेवटच्या रांगेत होतो. बायकांच्या वसतिगृहात आपल्या मधलीसारख्यांनाही जागा द्यायची, हा ठराव मंजूर झाला ते चांगलंच झालं. मीही हात वर केला. पण तुझ्या भाषणाचा राग अजून उतरलेला नाही.

"माझ्या बहिणीला समाजाने दार बंद केलं," असं तू म्हणालास आणि सभागृह रडलं. पुढे बसलेली घरमालकीण रुमाल शोधत होती. तिनेच मधलीला खोली नाकारली होती. आमच्या पंपघराचा मुकादमही नाक ओढत होता. तो तिला काय म्हणून हाका मारायचा, ते तुला ठाऊक आहे. समाज म्हणजे शेजारच्या खुर्चीवरचा, असं प्रत्येकाने धरलं आणि सगळे मोकळेपणी रडले.

बाहेर आल्यावर मी विचारलं, तर तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास. "दादा, बोट दाखवलं की वर आलेले हात खाली जातात. लोकांना मऊ शब्द द्यावा लागतो."

शब्द निवडणं तुझं कामच आहे. पण हा शब्द तू लोकांसाठी निवडला नव्हतास. माझ्यासाठी निवडला होतास.

समाजाला आमच्या दाराची कडी सापडलीही नसती. ती इतकी घट्ट आहे की मलाच दोन हात लावावे लागतात. मुलगा म्हणून वाढवलेलं भावंड बाईच्या कपड्यांत दारात आलं. "दादा, मी आधीपासून हीच होते. आता लपवत नाही," एवढंच म्हणाली. मी दोन्ही हातांनी कडी लावली. दाराखालच्या फटीतून तिच्या चपला बराच वेळ दिसत होत्या.

हे तुला माहीत आहे. पुढचं माहीत नाही. नंतरची चार वर्षं माझ्या कामाच्या पँटी गुडघ्यावर फाटल्या की मी त्या पिशवीत घालून दाराबाहेर अडकवायचो. ती न्यायची, ठिगळ लावून परत अडकवायची. एक शब्द नाही. तिची शिवण मला चालत होती, ती चालत नव्हती.

शेवटची पिशवी तिने नेली आणि आठ दिवस परत आली नाही. मी चिडलो होतो. पँट मिळाली नाही म्हणून चिडलो होतो, धाकट्या. दुकान चार घरं सोडून. जाऊन पाहिलं नाही. ती दुकानामागच्या खोलीत तापाने पडली होती. तिथेच गेली.

पुढच्या महिन्यात मोठ्या सभेत तू तेच भाषण करणार आहेस. जरूर कर. फक्त समाज काढ आणि थोरला भाऊ म्हण. मी पहिल्या रांगेत बसेन, माझ्याकडे बोट दाखव. हात खाली जातात का ते बघू. तू म्हणाला नाहीस तर मी उठून सांगेन, आणि मला मऊ बोलता येत नाही.

ती पँट आज मशीनखाली सापडली. एक गुडघा शिवलेला, दुसऱ्यावर ठिगळ टाचण्यांनी धरलेलं. तिच्याच रिळाचा दोरा घेतला आहे. सुई ओवली जात नव्हती, आत्ता ओवली. आता दुसरा गुडघा शिवायला बसतो.

तिला एकदाही बहीण न म्हटलेला,
तुझा दादा