क्रेनवरचं घरटं

३ डिसेंबर, मंगळवार

पक्षी परत आलेत — असं आज मीटिंगमध्ये ठरलं. पक्ष्यांना अजून कळवलेलं नाही.

पक्षी म्हणजे ऑस्प्रे. घारीहून मोठा, पांढऱ्या पोटाचा, मासे खाणारा. इथल्या आखाती किनाऱ्यावरून कमी होत चालला होता, आता म्हणे वाढतोय. म्हणून आमची कंपनी लुसैलच्या नव्या टॉवरांसमोर एक उंच खांब उभा करणार. वर लोखंडी घरटं, घरट्यावर लोगो. खाली पाटी — 'वेलकम होम'.

मयूर आमचा सस्टेनेबिलिटी मॅनेजर. पुण्याचा, माझ्या मुलीच्या वयाचा. मला म्हणाला, "काका, पक्षी बघायचं काम तुम्ही घ्या ना. तसंही वीकेंडला आता तुम्हाला..." पुढचं गिळलं. एरवी मला देवीदासजी म्हणतो. काका म्हटलं की समजायचं, काम आहे.

पण वीकेंडला मला काय काम, हे खरंच आहे. सुनीती, माझी बायको, ऑगस्टमध्ये गेली.

११ डिसेंबर, बुधवार

खांब उभा राहिला. कबुतरं आली. मयूरने विचारलं, "कबुतरं रिपोर्टमध्ये घेता येतील का?"

२० डिसेंबर, शुक्रवार

दुर्बीण घेऊन पार्किंगच्या गच्चीवर गेलो. खांबाकडे बघत बसलो. खांबावर कबुतर.

मग डोक्यावरून काहीतरी गेलं. पायात लांब काटकी. तोच! खांबाकडे ढुंकूनही बघितलं नाही. सरळ दुसऱ्या टप्प्याच्या बंद क्रेनवर जाऊन उतरला. काम थांबलंय म्हणून ती क्रेन उन्हाळ्यापासून नुसती उभी आहे. मागच्या बाजूला काँक्रीटची वजनं असतात, तिथे आधीच काटक्यांचा ढीग होता. थोड्या वेळाने दुसरा आला — ती मादी असावी, अंगाने मोठी. तिच्या पायात केशरी सेफ्टी जॅकेट! साइटवर वारंवार सांगून कुणी घालत नाही, हिने उचलून नेलं.

मी हसलो. मोठ्याने. मग इकडे तिकडे बघितलं.

२२ डिसेंबर, रविवार

मयूरला सांगितलं. उडीच मारली त्याने. "ग्रेट! फोटो आहे ना? खांबावरचा?"

"क्रेनवरचा."

"कोणत्या क्रेनवरचा?"

सांगितलं. खाली बसला. ती क्रेन भाड्याची आहे, जानेवारीत उतरवून परत द्यायची आहे. घरटं असेल तर हात लावता येणार नाही, हा नियम आमच्याच पुस्तिकेत आहे. मुखपृष्ठावर ऑस्प्रेचंच चित्र आहे.

"काका, तुम्ही काही पाहिलं नाही," मयूर म्हणाला.

१ जानेवारी, बुधवार

भैरवीचा पुण्याहून फोन. "बाबा, आता पुरे झालं. या इकडे. तिथे कोण आहे तुमचं?"

मी म्हणालो, "इथे..." तिला वाटलं लाइन तुटली. हॅलो हॅलो करून तिने ठेवून दिला.

माझं कॉन्ट्रॅक्ट मार्चपर्यंत. वाढवलं नाही तर व्हिसा गेला, व्हिसा गेला की फ्लॅट गेला. अल मुंतझामधला हा दोन खोल्यांचा कंपनीचा फ्लॅट. इथे आम्ही अकरा वर्षं राहिलो. तिच्या चपला दाराशी आहेत. फ्रीझरमध्ये तिने केलेल्या पुरणपोळ्या आहेत, मेथी आहे, डब्यांवर तिच्या हाताने चिकटपट्टीवर लिहिलेलं. हे सगळं उचलून कुठे न्यायचं? पुण्यात भैरवीच्या घरी ती फक्त फोटोत आहे.

८ जानेवारी, बुधवार

मयूरने कागद आणला. 'पाहणी केली. घरटे आढळले नाही.' खाली माझी सही हवी. नऊ वर्षं साइटच्या पाहणीचा हाच कागद मी दर महिन्याला भरतोय.

"फॉर्मॅलिटी आहे, काका. आणि हो, रिन्यूअलची यादी यंदा माझ्याकडे आहे." हे हसून म्हणाला.

मी म्हणालो, उद्या देतो.

रात्री जुडिथ डबा घेऊन आली. शेजारीण, वसईची, हॉस्पिटलात नर्स. सुनीतीची इथली एकुलती एक मैत्रीण. तिला सांगितलं. ती हसायला लागली. "काय हो भाऊ! नऊ वर्षं न बघता सही केली. आता एकदा बघितलं तर लगेच हात आखडला!"

१२ जानेवारी, रविवार

काल परत गच्चीवर गेलो होतो. मादी बसून आहे, उठतच नाही. नर मासे आणतो, ती तिथेच खाते. अंडी असणार.

आज लिहून दिलं — 'घरटे आहे. मादी अंड्यांवर बसलेली आहे. क्रेन हलवू नये.' सही केली.

मयूरने वाचलं. "ओके, मिस्टर देवीदास."

म्हणजे काका गेलं, जीही गेलं.

१६ जानेवारी, गुरुवार

खांबावर पक्षी येत नाही म्हणून फायबरचा मागवला होता. आज खोका उघडला. शुभ्र पांढरं डोकं, पिवळी चोच, रागावलेले डोळे! हा ऑस्प्रे नाही, अमेरिकेचा बाल्ड ईगल. खरेदीवाल्यांनी 'समुद्राकाठचा गरुड, मोठा' एवढंच लिहून ऑर्डर दिली होती. परत करू म्हटलं तर त्यांचा माणूस म्हणाला, "खलास. नो रिटर्न."

रुचा जाहिरातीचं बघते, हुशार मुलगी आहे. ती म्हणाली, "उलट बेस्ट! अमेरिकेत हे संपत आले होते, मग परत वाढले. हीच तर आपली स्टोरी. कमबॅक!"

म्हणून तोच बसवला. संध्याकाळी जुडिथला फोटो दाखवला. "अगो बाय! हा तर डॉलरवरचा. ह्याला व्हिसा कुणी दिला?"

२५ जानेवारी, शनिवार

कुणीतरी इंटरनेटवर टाकलं — लुसैलमध्ये बाल्ड ईगल दिसला, जंगली, मोकळा! आज गच्चीवर पंधरा-वीस जण. तोफांसारखे कॅमेरे. उम्म सलाल मोहम्मदहून एकजण तर फोल्डिंग खुर्च्या, चहाचा थर्मास आणि सासूला घेऊन आलेला.

"कसला स्थिर बसलाय!"

"शिकारीवर डोळा आहे त्याचा."

"पापणीसुद्धा हलवत नाही. डिसिप्लिन बघा."

त्यांच्या डोक्यावरून खरा ऑस्प्रे गेला, पायात तडफडणारा मासा. खुर्चीवाला चिडला, "ही घार मध्ये मध्ये येतेय!" सासूबाईंनी मात्र मान वर केली. "अरे, तो बघ, मासा घेऊन चाललाय." कुणी ऐकलं नाही. मी त्यांना माझी दुर्बीण दिली. त्यांनी क्रेनवरचं सगळं शांतपणे बघितलं आणि म्हणाल्या, "नवऱ्याने आणलं, बायकोने शेपटीकडून सुरुवात केली. आमच्याकडे डोकं मला मिळायचं."

२८ जानेवारी, मंगळवार

सगळं उलटं झालं! सासूबाईंनी जावयाला धरून क्रेनचा व्हिडिओ काढायला लावला. तो मोठ्या साहेबांपर्यंत पोचला. त्यांनी मयूरला फोन केला. कौतुकाचा!

आता ही क्रेन कुणी उतरवणार नाही. भाडं आमची कंपनी आनंदाने भरणार. शेजारच्या टॉवरवरून कॅमेरा लावून चोवीस तास थेट दाखवणार. रुचा म्हणाली, "सर, हे गोल्ड आहे." मला पहिल्यांदाच कुणी सर म्हणालं.

मयूर माझ्या टेबलावर येऊन बसला. "काका! मी म्हणत होतो ना, घरटं जपायला हवं." माझं कॉन्ट्रॅक्ट दोन वर्षांनी वाढवतायत. हुद्दा — ईगल केअर ऑफिसर. फ्लॅट चालू.

घरी आलो. सुनीतीच्या चपला पुसून पुन्हा दाराशी ठेवल्या.

६ फेब्रुवारी, गुरुवार

तीन अंडी आहेत. कॅमेऱ्यात स्पष्ट दिसली. ऑफिसात कुणी काम करत नाही, सगळे घरटं बघतात. वीस-बावीस तारखेपर्यंत पिल्लं यायला हवीत. बारशासाठी नावं मागवली आहेत. फायनान्सवाल्यांनी 'प्रॉफिट' सुचवलं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

नर कालपासून आला नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आजही नाही. मादी समुद्राकडे तोंड करून ओरडते. कॅमेऱ्याला आवाज नाही, नुसती चोच उघडताना दिसते. रुचा म्हणाली, बरंय आवाज नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

मादी भुकेने उठली, बराच वेळ नव्हती. अंडी उघडी, वर थंड वारा. मग आली आणि पुन्हा बसली.

नर मेला असं धरून चालायचं ठरलं. दुपारी ऑफिसात एक मिनिट शांतता. काळ्या रिबिनीचे कपकेक. एचआरने मेल पाठवला — 'या कठीण काळात आम्ही तुमच्यासोबत आहोत', ज्यांना जड वाटत असेल त्यांनी समुपदेशकाशी बोलावं, हवी तर अर्ध्या दिवसाची रजा घ्यावी.

सुनीतीच्या वेळीही हाच मेल आला होता. शब्द न् शब्द हाच. वर दुसऱ्याच कुणाचं तरी नाव होतं, तेवढं यावेळी नव्हतं.

कपकेक खाल्ला. बरा होता.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

पिल्लांची तारीख उलटून गेली. ती बसूनच आहे. मध्येच अंडी चोचीने फिरवते. मोठ्या निगुतीने. त्या अंड्यांत आता काही नाही, हे मला त्या दिवशीच्या वाऱ्यातच कळलं होतं.

रिपोर्टात 'घरटे चालू' असं लिहिलं. ती बसलीय, तोवर ते खोटं नाही. आणि ती बसलीय तोवर माझा फ्लॅट आहे — हेही लिहून ठेवतो, इथे कोण वाचतंय!

२ मार्च, रविवार

रमझान सुरू. ऑफिस लवकर सुटलं. जुडिथ बर्फ मागायला आली, माझ्याकडचा फ्रीझर उघडला. डबे तसेच बघून उभीच राहिली.

"भाऊ, तिने हे खायला करून ठेवलं होतं. बघायला नाही."

ती बर्फ न घेताच गेली.

४ मार्च, मंगळवार

पुरणपोळ्या काढल्या. तव्यावर गरम केल्या. कडा बर्फाने कोरड्या झाल्या होत्या, आत वेलदोडा तसाच. दोन जुडिथकडे दिल्या. उरलेल्या खाल्ल्या — उभ्यानेच, ओट्यापाशी.

९ मार्च, रविवार

मादी सकाळी उठली, अंड्यांकडे बघितलं, उडाली. संध्याकाळपर्यंत आली नाही.

१० मार्च, सोमवार

नाही आली. समुद्रावर खूप लांब एक ठिपका दिसला. ती असेल, नसेल.

मयूरने दार लावून घेतलं. पुढच्या महिन्यात टॉवरांचं उद्घाटन आहे. मोठे साहेब पाहुण्यांना थेट घरटं दाखवणार आहेत. तोवर रिपोर्टात 'घरटे चालू' हवं. रुचाकडे उपायही तयार आहे — फायबरचा गरुड खांबावरून काढून क्रेनवर बसवायचा, कॅमेरा जरा लांब न्यायचा. डोक्याला तपकिरी रंग देऊ म्हणाली.

"काका, सहा आठवड्यांचा प्रश्न आहे फक्त. तुमचंही बस्तान आहे त्यात."

उद्या देतो म्हणालो.

११ मार्च, मंगळवार

लिहून दिलं — 'घरटे रिकामे आहे. क्रेन उतरवायला हरकत नाही.' त्याखाली दुसरा कागद ठेवला, माझ्या राजीनाम्याचा. मार्चअखेर फ्लॅट सोडतो.

मयूरने दोन्ही वाचले. त्याला खरंच कळेना. "काका, पण पक्षी तर गेला! आता तुम्ही कशाला जाताय?"

"म्हणूनच," म्हणालो.