कोळंबीचा पिझ्झा खा, दार मात्र उघडू नकोस

शहीरा,

बेकरीतून आणलेल्या बलदी रोटीवर कोळंबीचा पिझ्झा केलाय, तव्यावर झाकून ठेवलाय. चीज वितळेपर्यंतच गरम कर, नाहीतर कोळंबी चिवट होते.

मी अनफुशीच्या बंदरावर चालले आहे. मघाशी रोट्यांवर टोमॅटो पसरत होते, तेवढ्यात जिन्यातून तुझ्या बाबांचा आवाज आला, "नजवा, माझ्या रोटीवर मिरची नको गं. आणि दार उघड ना."

मी हात पुसत उठले, तर बाबांच्या बोटीवरच्या सबरीकाकांचा फोन. "वहिनी, बोट धक्क्याला लागली, पण तुमचा रिफअत बोटीवर नाही. पहाटे जाळं ओढताना पाण्यात पडला. अजून शोधतायत."

मी त्यांना पुन्हा पुन्हा विचारत राहिले. दाराबाहेर बाबा हसले, "कोणाशी बोलतेस एवढं?"

दार उघडलं तर कोणी नव्हतं. पायऱ्या मात्र खालपर्यंत ओल्या होत्या, आणि समुद्राचा वास येत होता.

सगळे दिवे लाव. कोणी हाक मारली तर ओ देऊ नकोस. बाबांची किल्ली त्यांच्या खिशात असते, ते खरंच परत आले तर आपल्या हाताने कुलूप काढून आत येतील. बाहेरून कोणी कितीही लाडाने 'शहीरा' म्हणालं, आवाज अगदी त्यांचाच असला, तरी दार उघडू नकोस.

आई