एक स्क्रू राहिला

३ मार्च

चि. भिंगरीस, ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र नाही म्हणजे तू सुखात आहेस, असं मी धरून चालते. इथे मात्र घोळ झालाय. तू दिलेल्या लॅपटॉपचा चार्जर जळला आणि बॅटरी संपून लॅपटॉप बंद पडला. नवा चार्जर आणून बाबांनी चालू केला, तर आतलं सगळं गेलं. जन्मभर घड्याळं दुरुस्त करून जे कळलं, ते वर्षभर दोन बोटांनी टाइप करत होते. एकशे बारा घड्याळं लिहून झाली होती. आता म्हणतात, हात थरथरला, नको ते बटण दाबलं गेलं. तेव्हापासून दुकानातही चिमटा हातात धरत नाहीत. महिनाअखेर दुकान सोडायचं म्हणतात. फोनवर त्यांना ऐकू येत नाही, तेव्हा तूच लिही. तुझं ऐकतात, का ते देव जाणे.

जीव लावतोस तो कागदावरही दिसू दे.

तुझी ताई

९ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

अगं, स्वस्तातल्या मशीनचं असंच. शाळांनी टाकलेले असले लॅपटॉप आमच्या वर्कशॉपात ढिगाने येतात. त्यांच्यावर कंपनीच्या प्रणालीऐवजी हलकं, फुकट मिळणारं लिनक्स चढवून आम्ही त्यांना पुन्हा पळवतो. तोही त्यातलाच. कधीतरी दगा देणारच. बाबांना म्हणावं, मनाला लावून घेऊ नका, या वयात होतं असं. मी दुसरा पाठवतो. इथे सगळं झकास.

माया पातळ करू नकोस.

तुझा भिंगरी

१६ मार्च

चि. भिंगरीस आशीर्वाद.

तुझं पत्र बाबांना दिलं. ‘वयात होतं असं’ इथे थांबले. घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवलं आणि जाऊन दुकानाची पाटी काढून आणली. ती आता दाराआड उभी आहे.

‘इथे सगळं झकास’ तू कधी लिहितोस, ते मला पाठ आहे. लहानपणी काच फोडलीस की न विचारता असाच हवापाण्यावर बोलायला लागायचास. काय करून ठेवलंयस, ते मला नको, त्यांना लिही.

तरीही तुझीच,
ताई

२३ मार्च

तीर्थरूप बाबांना शि. सा. न.

तीनदा लिहिलं, तीनदा फाडलं. बाबा, तुमच्या हाताने काही केलं नाही. माझ्यामुळे झालं.

लॅपटॉप चालू करताना आत आधी जागी होते ती फर्मवेअर. ती कंपनीची. तिला दुसऱ्याचं लिनक्स घरात खपत नाही. म्हणून दर वेळी पांढरा पडदा दाखवून सांगते, स्पेस दाबा, सगळं ठीक करते. दाबलं की सगळं पुसते. आम्ही तिला काढून खुली, कुणालाही वापरता येणारी फर्मवेअर बसवतो, मग तो पडदाच येत नाही. पण त्यासाठी पाठ उघडून, फर्मवेअर कुणी बदलू नये म्हणून आत लावलेला एक स्क्रू काढावा लागतो. अर्ध्या तासाचं काम.

मी ते केलं नाही. लॅपटॉप दिला त्या दिवशी माझ्या गाडीला अजून दोन तास होते, पण मला घरात बसवेना. म्हणून तुम्हाला सांगून मोकळा झालो, की बंद करू नका, नुसतं झाकण मिटत जा. म्हणजे पडदा दिसायलाच नको. तुम्ही वर्षभर ते पाळलंत. आणि पडदा आला तेव्हा त्याने सांगितलेलं बटण तुम्ही अगदी बरोबर दाबलंत. वर मी ते तुमच्या वयावर ढकललं. हे लिहितानाही खुर्चीतून चारदा उठलो.

गेलेलं परत येत नाही. मी येतो. तुम्ही सांगा, मी टाइप करतो. पाटी तेवढी लावा.

पाया पडायला तोंड नाही, तरी पडतो.

भिंगरी

२ एप्रिल

चि. भिंगरीस आशीर्वाद.

राग आला. अजून आहे. एकशे बारा घड्याळांचा कमी, ‘वयात होतं’चा जास्त.

मशीन पालथं घालून उघडलं. तुझा स्क्रू शोधावा लागला नाही. बाकीच्यांनी काही ना काही धरून ठेवलेलं, हा एकटाच काहीही न धरता मधे बसलेला. काढायला पाऊण तास लागला. हात थरथरतो तो थरथरतोच, पण मनगट टेबलावर टेकवलं की ऐकतो. हे मला पूर्वीच सुचायला हवं होतं.

स्क्रू पत्राला चिकटवला आहे. जपून ठेव. पाटी ताईने लावली, जरा तिरकी. पुढचं काम तू येऊन कर. परतीचं तिकीट काढून येऊ नकोस.

बाबा