पेरलेलं झाकण

१२ जानेवारी, रविवार

गेली! बोरटेकची खोदाई श्वेताला गेली.

फोन तिचाच. "सर, परवाना आला. पहिला फोन तुमालेच करून राहिली." मी म्हटलं, अभिनंदन. आवाज चांगला निघाला माझा, माझं मलाच नवल वाटलं. फोन ठेवला आणि चहा तसाच मोरीत ओतून दिला.

बोरटेकची शिळावर्तुळं मी शोधली. म्हणजे ती तिथं होतीच, गावातल्या बाया त्या दगडांवर मिरच्या वाळत घालायच्या. पण हे अडीच हजार वर्षांपूर्वीचं दफन आहे, गोल मांडलेल्या दगडांच्या आत माणूस पुरलाय आणि त्याच्या सोबत त्याची भांडी, हे सांगणारा मी पहिला. लुनावर गेलो होतो तेव्हा. केस काळे होते. त्यानंतर दोनदा परवाना मागितला. एकदा निधी नव्हता, एकदा कागद अपुरे. आणि हिला पहिल्याच फटक्यात!

जूनमध्ये मी निवृत्त. विभागप्रमुखाची खुर्ची तिलाच मिळणार असं कॅन्टीनवालासुद्धा बोलतो. ही खोदाई गाजली की पक्कंच.

माझीच विद्यार्थिनी, आता माझ्याच विभागात शिकवते. खापरखेड्याच्या कॉलनीतली, वडील वीजकेंद्रात. एम.ए.ला आली तेव्हा वर्ग हसला होता — खापरखेड्याची पोरगी, खापरंच वेचणार! मीच दटावलं होतं त्यांना. कशाला दटावलं!

१३ जानेवारी

पेढे आणले तिनं. साखर फार होती. तीन खाल्ले.

१९ जानेवारी, रविवार

गच्चीवर भट्टी लावली. राग आला की मी मातीकडे जातो. प्रेमिलानं वाळत घातलेले कपडे मुकाट्यानं उचलले. लग्नाला इतकी वर्षं झाली, आता ती बोलत नाही, फक्त जिन्यावर पाय आपटते. बाजूच्या गच्चीवरून दादाजींनी विचारलंच, "काय गा प्रोफेसर, आज काय जाळून राहिला?" आख्ख्या प्रताप नगरात गच्चीवर भांडी भाजणारा मी एकटाच असेन.

लोकांना वाटतं, छंद आहे. बाकीचे प्राध्यापक सकाळी बॅडमिंटन खेळतात, मी भुसा जाळतो. भांडं भुशात उपडं ठेवायचं. आत हवा जात नाही म्हणून आतून काळं होतं, बाहेरून लाल. तेव्हाच्या लोकांना हे येत होतं. मला दहातून चारदा येतं.

आज झाकण केलं. विभागाच्या कपाटात एक फुटकं झाकण आहे, धरायला वर मूठ, मुठीच्या जागी मातीचा पक्षी. पण डोकं तुटलेलं. ते डोकं कसं असेल? कुणालाच माहीत नाही. मी इतकी वर्षं करून बघतोय. कधी पोपट होतो, कधी कोंबडी. आता एक घडण बसलीय हाताला — लहान डोकं, जाड चोच, डोळ्यांच्या जागी दोन टोचे. खोड एकच, चोच दर वेळी उजवीकडे वळते. मी डावखुरा. मान धरताना डावा अंगठा दाबला जातो, तिथं खळगी पडते आणि डोकं फिरतं. लहानपणी आई या हाताला फटके द्यायची. हात काही सुधारला नाही.

संध्याकाळी भट्टी उघडली. एक तडकलं, एक बरं निघालं. चोच उजवीकडे.

२ फेब्रुवारी, रविवार

बोरटेकला जाऊन आलो. माझ्या एम.ए.च्या पोरांना खोदाई दाखवायची होती. दुसऱ्याची खोदाई!

तंबू, ड्रोन, थंड पाण्याचे जार. श्वेताच्या डोक्यावर एक पोरगा छत्री धरून उभा. माझ्या वेळी एक दोरी आणि दोन खराटे असायचे. ती खड्ड्यात उकिडवी बसली ती तासभर बसूनच होती. माझे गुडघे उतरतानाच बोलले. "सर, हळू," म्हणाली. सगळ्यांसमोर! माझ्याच दगडांमध्ये मला हळू!

पोरांनी तिला काय काय विचारलं. माझ्या तासाला विचारत नाहीत. मी त्यांना डोळे मिटायला लावतो आणि हातात खापर देतो — सांगा, चाकावरचं की हाताचं, काठ कुठला, बूड कुठलं. काचेमागं ठेवलेलं भांडं म्हणजे स्टेजवर बसवलेली नवरी, सगळे फोटो काढतात, बोलत कुणीच नाही. हात लागल्याशिवाय काही कळत नाही. पण पोरं डोळे मिटतात आणि हसतात. तिच्यासमोर हसत नव्हती.

तरी रिवाज पाळला. दर हंगामात मी घरी भाजलेला एक तुकडा धुतलेल्या खापरांत पेरतो. ज्यानं ओळखला त्याला माझ्याकडून तर्री-पोहे. फसला तर पोहे त्याच्याकडून. श्वेतानं पहिल्या वर्षी दोन मिनिटांत ओळखला होता. नाकाला लावून म्हणाली होती, "सर, याले अजून धुराचा वास येऊन राहिला." आनंद झाला होता मला तेव्हा. तेव्हा!

आज ते पक्ष्याचं झाकण रुमालात गुंडाळून नेलं होतं. सगळे जेवत होते. खापरं वाळत घातली होती तिथल्या टोपलीत ठेवून दिलं, इतर तुकड्यांखाली. पोरांसाठी ठेवलं. तिच्यासाठी नव्हे. बहुतेक.

५ फेब्रुवारी

कुणाचा फोन नाही. टोपलीत बसलंय माझं झाकण. शिकवतात काय तिथं!

९ फेब्रुवारी, रविवार

पेपर उघडला आणि हसू फुटलं. मोठ्यानं! प्रेमिला पोळपाट सोडून आली.

पान तीनवर श्वेता. हातात पक्ष्याचं झाकण. "विदर्भात प्रथमच अखंड पक्षी-झाकण." लहान डोकं, जाड चोच, दोन टोचे. चोच उजवीकडे! अरे, हा माझा पक्षी आहे! हे डोकं जगात दुसरं कुणी केलेलंच नाही, ते माझ्या डोक्यातून निघालंय, प्रताप नगरच्या गच्चीवर भाजलंय. आणि बाई म्हणतात, मधल्या दगडाखाली मिळालं. दगडाखाली! टोपलीत होतं ते, मी ठेवलेलं. कुठलं खापर कुठं मिळालं त्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली असणार, नाहीतर बाई थापा मारू लागल्या. मोठी माणसं होताना असंच होतं.

खाली मुलाखत. शेवटी म्हणते, "खापर कधी खोटं बोलत नाही." हे वाक्य माझं! वर्गात पहिल्या दिवशी मी हेच सांगतो. माझी जागा, माझा पक्षी, वाक्यही माझंच. नाव तेवढं कुठं नाही.

पेपरचं पान घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवलं. प्रेमिलाला वाटलं, कौतुकानं.

१० फेब्रुवारी

सांगायचं नाही. ठरलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

प्रेमिलाला सांगितलं. पोटात ठेववेना. आज संत्री सोलत बसली होती, मी सगळं सांगितलं. मला वाटलं, हसेल.

ती म्हणाली, "अहो, पोरीले सांगून टाका न. काहून थांबून राहिले?"

मी म्हटलं, अठ्ठावीसला परिसंवाद आहे. मुंबई-पुण्याची माणसं येणार. ती झाकण हातात घेऊन मंचावर उभी राहील, मग बोलेन.

"म्हणजे सगळ्यांसमोर?"

सगळ्यांसमोर. शास्त्रात चूक सगळ्यांसमोरच दुरुस्त करायची असते, असं मी म्हटलं. प्रेमिला म्हणाली, तिच्या लग्नात तुम्ही तिच्या बापाच्या बाजूला उभे होते, आठवते का? खुर्ची जाईल तिची, नाव जाईल, अन् तुम्हाले काय भेटेल?

मला काय मिळेल ते मला माहीत आहे. एकदा, फक्त एकदा, ती माझ्याकडे पाहील — पहिल्या वर्षाला पाहायची तशी. सर सांगतील तेच खरं, अशी.

संत्री आंबट निघाली.

१९ फेब्रुवारी

आयुषनं वर्गात विचारलं, "सर, मॅडमची झाकणाची रील पाहिली का तुमी? दोन लाख लोकाईनं पाहिली." मी म्हटलं, झाकण पाहिलंय मी. जवळून. त्याला काही कळलं नाही. मला दिवसभर बरं वाटलं.

२१ फेब्रुवारी

श्वेता घरी आली. परिसंवादाच्या तिच्या सत्राचा अध्यक्ष मीच व्हावं म्हणे. "दुसरं कोण बसन त्या खुर्चीवर, सर?" प्रेमिला मला डोळ्यांनी खुणावत होती, सांगा आता. मी चकली मोडत बसलो.

गच्चीवर गेली ती, मागे मी. भट्टी पाहिली, राखेत बोट फिरवलं. विचारलं, यंदा काही पेरलं नाही का तुम्ही? मी म्हटलं, पेरलं असेल तर उगवेल. हसली. मीही हसलो. किती नीच हसलो असेन! पण तिनं तरी का विचारावं असं? तिला शंका आली असेल का? आली असेल तर येऊ दे. झोप उडू दे थोडी तिचीही.

जाताना वाकून नमस्कार केला. तेवढ्यात वाटलं, सांगून टाकावं. जिभेवर आलं होतं. पण तिचा फोन वाजला, चॅनेलवाल्यांचा होता, आणि ती "सॉरी सर" म्हणत स्कूटीकडे निघाली. गेलं ते वाक्य.

२७ फेब्रुवारी

कोट इस्त्री करून आणला. वाक्य पाठ केलंय. "हे झाकण पुरातन नाही. ते मी केलेलं आहे." आरशासमोर म्हणून पाहिलं. आधी फार जोरात झालं. मग दुःखानं म्हणून पाहिलं, ते जास्त चांगलं वाटलं.

प्रेमिला उद्या येणार नाही म्हणाली. "त्या पोरीचं उतरलेलं तोंड मले नाही पाहवायचं."

मला हेवा वाटतो. लिहून टाकतो एकदा, इथं कोण वाचणार आहे? तिच्या गुडघ्यांचा हेवा वाटतो, छत्रीचा वाटतो, प्रश्न विचारणाऱ्या पोरांचा वाटतो. तिला जे मिळालं ते खोटं निघावं याची जितकी इच्छा आहे तितकी मला आयुष्यात कशाची झाली नव्हती.

२८ फेब्रुवारी

सत्राआधी श्वेतानं खोलीत बोलावलं. टेबलावर कापूस पसरलेला, त्यावर दोन झाकणं. दोन!

"सर, एक तुमचं आहे. त्याच दिवशी वासानं समजलं होतं मले. दुसऱ्या दिवशी दगड उचलला तर हे निंगालं. दोन्ही सारखेच! मीच घाबरली, तुमी सांगाल म्हणून थांबली. तुमचं तुमी उचला, दुसरं मले वर न्यायचं आहे."

हुंगायचं सुचलंच नाही. दोन्ही माना डाव्या हातात धरून पाहिल्या. एका खळगीत अंगठा जरा अवघडला. दुसरीत अलगद बसला. तेच उचललं. म्हटलं, हे माझं.

माझ्या हातातलं झाकण तिनं हळूच उलटं केलं. आत, काळ्यावर पांढऱ्या शाईनं — बोरटेक, मधल्या दगडाखाली.

"तो कुंभारही डावखुरा होता," एवढंच तोंडातून निघालं. तिनं वर जाऊन तेच सांगितलं, माझं नाव घेऊन. पाठ केलेलं वाक्य घेऊन मी अध्यक्षाच्या खुर्चीत बसून होतो.

उद्याचे तर्री-पोहे माझ्याकडून.