तेराव्या गणिताचं उत्तर

आबा,

शाळा सुटून दोन तास होत आले. शिपाईमामा दोनदा दारात येऊन किल्ल्या वाजवून गेले आणि दोन्ही वेळा मी त्यांना "झालंच" म्हणाले. सातवीच्या वर्गात एकटीच बसले आहे. तुम्हाला वाचता येत नव्हतं आणि आता तर तुम्हीच नाही, म्हणजे हे पत्र दोन्हीकडून वाया जाणार. तरी लिहिते आहे, कारण दुसरं कुणाला लिहू? मुलगा पुण्याला असतो. रविवारी फोन करून "जेवलीस का" विचारतो आणि मी "जेवले" म्हटलं की बोलणं संपतं. तुमचे जावई गेले त्यालाही आता सहा वर्षं होतील. घरी गेलं की कुलूप मीच काढायचं आणि आतून कडीही मीच लावायची. म्हणून मी शाळेत जरा जास्तच वेळ काढते, आणि लोक म्हणतात, बाईंना कामाची फार हौस.

सातवीतल्या गणितात कच्च्या मुलांसाठी रोज सुटल्यावर मी जादा तास घेते. कागदोपत्री त्याचं नाव 'उपचारात्मक वर्ग', जसं काही पोरांना गणिताचा ताप आलाय. सुरुवातीला अकरा जणं बसायची. मग कुणी कापूस वेचायला जाऊ लागलं, कुणाला मोबाइलवर शिकवणी सापडली, कुणाला नुसताच कंटाळा आला. आता एकच मुलगी येते. तिचे आईबाप ऊसतोडीला गेलेत, ती आजीकडे राहते आणि तिला घरी जायची घाई नसते. मलाही नसते. दोघी समोरासमोर बसतो, ती गणितं सोडवते, मी तपासते. परवा या वर्गात माझ्या हातून एक गोष्ट घडली. ती सांगायलाच बसले आहे, पण ती सांगायची तर आधी तेरावं गणित सांगावं लागेल. आणि ते तुम्हाला माझ्याइतकंच माहीत आहे, हे मला तुम्ही गेल्यावर कळलं.

मी सातवीत होते तेव्हा आपली मेंढरं कपिलधारच्या वरच्या माळावर असायची. आई जाऊन तीन वर्षं झाली होती. शाळा सुटली की मला पळत माळावर यावं लागे, कारण कोकरं सांभाळायला आणि तीन दगडांच्या चुलीवर भाकरी टाकायला दुसरं कुणी नव्हतं. गुरुजी शिष्यवृत्तीच्या मुलांचा जादा तास घ्यायचे आणि मी त्याला कधीच थांबू शकत नव्हते. एक दिवस गुरुजी स्वतः माळ चढून आले. धोतराचा सोगा हातात, धापा टाकत. त्यांनी सरावाच्या गणितांचं एक पुस्तक मला दिलं, आणि शेवटचं उत्तरांचं पान माझ्यादेखत टरकन फाडून तुमच्या हातात दिलं. "हे लेकीला दाखवायचं न्हाई. तिनं गणित केलं की तुमी जुळवून बघायचं," म्हणाले.

तुम्ही हसलात. "गुरुजी, मला कुटं वाचता येतंय?"

"वाचायला कोण सांगतंय? तुमी मेंढरं मोजता का?"

"न्हाई बा. मोजल्यानं नजर लागती."

"मग एखादं कमी हाय ते कसं कळतंय?"

"तोंडावरनं."

"झालं तर मग. हे आकडे म्हंजी दहाच तोंडं हायती. तुमची मेंढरं किती, ते न्हाई इचारत मी."

मला आठवतं, त्या संध्याकाळी तुम्ही पान घोंगडीवर पसरून फार वेळ बघत बसला होता. चार दिवसांत तुम्ही दहाही आकडे ओळखू लागलात. त्यांची नावं तुम्हाला येत नव्हती आणि तुम्हाला ती नकोही होती. आठ म्हणजे पाय फाकून उभं राहिलेलं कोकरू, सहा म्हणजे गाभण मेंढी. मी मातीत किंवा वहीत गणित सोडवून तुमच्यापुढं धरायची, तुम्ही पटक्याच्या घडीतून पान काढायचा, एका बोटानं पानावरचं आणि दुसऱ्या बोटानं वहीतलं धरून ठेवायचा, आणि मग निकाल लागायचा. जुळलं तर "आपलं हाय." नाही जुळलं तर "हे आपलं न्हाई." दुसऱ्याच्या कळपातलं चुकून आलेलं मेंढरू तुम्ही असंच ओळखून बाजूला काढायचा, न रागावता. मी पुन्हा सोडवायची. आबा, मी आजवर पुष्कळ प्रशिक्षणं केली, पुष्कळ साहेब लोक गणित कसं तपासावं ते सांगून गेले. तुमच्याइतकं मन लावून माझी वही कुणी बघितली नाही.

तुम्ही कबूल केलं होतं की पान सगळं जुळलं की कपिलधारच्या यात्रेत मला कंपासपेटी घ्यायची. एकेक करत सगळी गणितं जुळली. राहिलं ते तेरावं. आयताची लांबी रुंदीच्या दुप्पट आहे, परिमिती चोपन्न सेंटिमीटर, तर लांबी किती? सोपं होतं. माझं उत्तर अठरा.

तुम्ही बोट ठेवता. बघता. "हे आपलं न्हाई."

मी पुन्हा सोडवते. पुन्हा अठरा. दुसऱ्या दिवशी पुन्हा. यात्रा चार दिवसांवर आलेली आहे. मी मातीत आयत काढते, चिंध्यांची दोरी करून मोजते, अठराच येतात. तिसऱ्या दिवशी मी वही आपटते आणि म्हणते, "आबा, पुस्तक चुकलंय."

"छापल्यालं चुकतंय व्हय?"

"चुकलंय. तुमाला काय कळतंय त्यातलं?"

तेव्हा तुम्ही मला थोबाडीत मारली. पहिली आणि शेवटची. मेंढरांना काठी लावताना दहादा विचार करणारा तुमचा हात. मला गालापेक्षा दुसरंच काहीतरी लागलं होतं, आणि तुम्हालाही, कारण तुम्ही लगेच उठून पाण्याकडं निघून गेलात आणि आल्यावर विचारलंत, "कावून रडायलीस? परत कर की. येतंय तुला."

दुसऱ्या दिवशी रविवार. दुपारी तुम्ही बाभळीखाली आडवे झालात, पटका उशाला. घोरायला लागलात तशी मी घडीत बोटं घालून पान काढलं. तेरा: सोळा सेंटिमीटर. गुरुजी सांगून गेले होते ते मी मोडलं, आणि मोडलं ते मोडलं, पुढचंही केलं. नुसता सोळाचा आकडा लिहिला असता तरी तुमच्यासाठी पुरेसं होतं. तुम्ही वरची मांडणी थोडीच बघणार होता? पण मला नुसतं उत्तर लिहायची लाज वाटली, म्हणून मी वर चोपन्नाच्या जागी अठ्ठेचाळीस लिहिले आणि सगळं नीट सोडवत सोळापर्यंत आणून सोडलं. इतकं सुबक गणित मी त्या वहीत दुसरं केलं नव्हतं.

संध्याकाळी तुम्ही एक बोट इथं, एक बोट तिथं ठेवलंत आणि तुमचा चेहरा असा उजळला की मला वाटलं आत्ताच सांगून टाकावं. "आपलं हाय," तुम्ही म्हणालात. "बग, आलं का न्हाई? लई हट्टी हाईस." यात्रेत तुम्ही पेटी घेतलीत. पत्र्याची, निळ्या झाकणाची. पेटी हातात घेताना मी हसले, त्या हसण्यात काय होतं ते मला आजही नीट सांगता येत नाही. खरं उत्तर दिलं तेव्हा थोबाडीत, खोटं दिलं तेव्हा पेटी. बारा वर्षांच्या पोरीनं यातून काय शिकायचं?

पुढच्या आठवड्यात तुम्ही माझी वही आणि ते पान घेऊन गावात गेलात. "गुरुजीला दाखवून येतो, सगळं जुळलंय म्हणून." नवीन धोतर नेसून गेला होतात. मी दिवसभर कोकरांमागं फिरत होते आणि सारखी गावच्या वाटेकडं बघत होते. तुम्ही परत आलात, वही माझ्या हातात दिलीत. मी घाईघाईनं पान उलटून बघितलं, तिथं गुरुजींनी काहीच लिहिलं नव्हतं. मी म्हटलं, वाचले. चोराच्या मनात चांदणं, मी दोन दिवस तुमच्या तोंडाकडं बघत होते. तुम्ही नेहमीसारखेच होता. फक्त त्या संध्याकाळी मी वही पुढं केली तेव्हा म्हणालात, "आता तूच बघत जा. माझं डोळं दुकायलेत."

मग तुम्ही कधीच बघितलं नाही. वही पुढं केली की दुसरीकडं बघायचा, चिलीम भरायला लागायचा. मी कुंपणाच्या जाळीशी बसून एकटीच सोडवायची, आणि जुळलं की मनातल्या मनात तुमच्या आवाजात "आपलं हाय" म्हणायची. मला शिष्यवृत्ती मिळाली, बीडला वसतिगृहात गेले, डीएड झाले. तुम्हाला वाटलं असेल मी शिकून लांब गेले. आबा, मी त्या संध्याकाळीच लांब गेले होते. आपण एकाच घोंगडीवर बसून भाकरी खात होतो आणि आपल्यामध्ये ते तेरावं गणित बसलेलं होतं.

तुम्ही गेल्यावर तुमच्या चंचीत, चुन्याच्या डबीखाली, ते पान सापडलं. आठ घड्या घातलेलं, कडेला तंबाखूचा डाग. मी उघडून बघितलं. तेरासमोरच्या सोळावर लाल शाईची रेघ मारलेली होती आणि शेजारी गुरुजींच्या अक्षरात अठरा लिहिलेले होते.

म्हणजे तुम्हाला त्याच दिवशी कळलं होतं. पुस्तक चुकलं होतं, पोरगी बरोबर होती, तिला तुम्ही मारलं, आणि नंतर त्याच पोरीनं तुम्हाला फसवलं. हे सगळं पोटात घालून तुम्ही माळ चढून आलात आणि डोळे दुखतात म्हणालात. तुम्ही पुढं पंधरा वर्षं जगलात. मी सुट्टीत यायची, तुम्ही मला सायीचं दूध द्यायचा, पावसाचं बोलायचा, कोणती मेंढी व्याली ते सांगायचा. एकदाही नाही. आणि मीही नाही. मला तुमचा फार राग आला होता तेव्हा. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना, भावकीतली माणसं म्हणाली, म्हाताऱ्याचं कायतरी राहिलंय, पोरी, तू कबूल कर. मी हात जोडून उभी राहिले आणि काय कबूल करायचं ते माहीत असूनही तोंडातून शब्द काढला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं.

आता परवाचं सांगते. ती मुलगी ऋण संख्यांची वजाबाकी करत होती. वजा आठमधून वजा तीन वजा करायचे. तिनं वजा पाच लिहिलं. माझं डोकं दुखत होतं, सरावसंचाच्या मागची उत्तरं माझ्यापुढं उघडी होती, तिथं वजा अकरा छापलेलं होतं. मी गणित न करताच तिच्या वहीत फुली मारली. ती हळूच म्हणाली, "मॅडम, वजा पाचच येतंय." मी म्हणाले, "मी काय येडी म्हणून बसलेय का इथं? घरी जा आणि परत करून आण." आबा, मी गणिताची बाई आहे. तुम्हाला वाचता येत नव्हतं, मला येतं, आणि तरी मी फक्त जुळवून बघितलं.

काल ती करून घेऊन आली. वजा अकरा. मी बरोबरची खूण केली, ती दप्तर भरून गेली, आणि मग माझी नजर वरच्या ओळीवर गेली. मधलं वजाचं चिन्ह तिनं अधिक केलं होतं. रेघेवर उभी रेघ, जरा गिरवलेली, अगदी सुबक. मी कितीतरी वेळ ती उभी रेघ बघत बसले होते. त्या पोरीनं काय केलं ते जगात फक्त मलाच कळू शकत होतं.

आज ती आली होती. शेवटच्या बाकावरून उठून नेहमीसारखी माझ्यासमोर येऊन बसली. मी तोंड उघडलं होतं, सांगणारच होते, की तुझे वजा पाच बरोबर होते, चूक माझी. पण मला वाटलं, सांगितलं तर तिला कळेल की मला तिचं खोटं कळलंय, आणि मग ती लाजून यायची बंद होईल. आणि ती आली नाही तर इथं बसायला मला कारण उरणार नाही. मी म्हणाले, "आजच्यापुरतं स्वतःच तपास गं. माझे डोळे दुखतायत."

शब्द तोंडातून गेले आणि मला तुम्ही दिसलात. नवं धोतर नेसलेले, वही माझ्या हातात देणारे. इतकी वर्षं मला वाटत होतं की तुम्ही माझ्यावर रुसून वही बघायची सोडलीत. तुम्ही रुसला नव्हता, आबा. तुम्हाला भीती वाटत होती, मी जवळ येऊन बसायची बंद होईन म्हणून. आणि त्या भीतीपायीच मी बंद झाले.

शिपाईमामा तिसऱ्यांदा आलेत. हे पत्र मी तुमच्या पानाबरोबर निळ्या पेटीत ठेवून देईन. पेटीचं झाकण आता नीट बसत नाही, रबर लावावं लागतं. उद्या ती आली की पहिल्यांदा हेच सांगायचं, असं मी ठरवलं आहे. पण खरं सांगू का, काल संध्याकाळीही मी हेच ठरवलं होतं. तुम्हीही रोज ठरवत असाल.